काजळीचा चष्मा

कल्लव्वा म्हणाली, हिला नजर लागली.
बघा की सायेब, डोळ्याभोवती कसं झालंय.
काजळी उभी होती गंगावेशीच्या कट्ट्याला,
नावाला काळी.
डोळ्यांभोवती केस गंजल्या पत्र्यासारखे,
गोल, दोन्हीकडे सारखे,
जणू कुणी चष्मा घातलाय
आणि काचा बसवायच्या राहिल्यात.

मी डॉक्टर नाही. मी गवत जाळतो.
प्रयोगशाळेतल्या भट्टीत
हत्तीघासाची चिमूटभर राख होते, पांढरी, अंगाऱ्यासारखी.
ती आम्लात विरघळवायची, ज्योतीपुढं धरायची,
मग यंत्र एक आकडा सांगतं
आणि गप्प बसतं.

चारा कुठला?
वड्याकडचा, ती म्हणाली.
सगळीकडं वाळलंय, तितं तेवढं कमरंएवढं.
फुकट हाय. मी सोता कापून आणतो.
(आमच्याकडच्या बायका 'आणतो' म्हणतात.
ते ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटतं.)

दुसऱ्या दिवशी कागदी पिशव्या घेऊन गेलो.
वर फौंड्रीचा माळ, खाली हे पाणी,
पाण्यावर कधी साय, कधी रंगीत तवंग,
आणि काठाला गवत,
असं हिरवं की हात लावावासा वाटावा.
पात्यावर डाग नाही. टोक करपलेलं नाही.
मुळाला कुणी शिकवलेलं नसतं
कुठला घोट घ्यायचा, कुठला थुंकायचा.
तहान लागली, प्यालं.
मॉलिब्डेनम त्याला स्वतःला बाधत नाही,
ते पुढं देतं फक्त,
पंगतीतल्या वाढप्यासारखं.

उंबरावर तांबट ठोकत होता, टुक टुक टुक.
दिसत नव्हता.

आकडा आला. असायला हवा त्याच्या नऊपट.
आता कसं सांगायचं
की गवतातला एक धातू म्हशीच्या पोटात
तांब्याचं मनगट धरून बसतो,
रक्तापर्यंत जाऊच देत नाही,
आणि तांब्यावाचून काळा रंग तयार होत नाही.
मी एवढंच म्हणालो, हिच्या अंगात तांबं कमी पडलंय.
कल्लव्वा हसली. फळीकडं बोट केलं:
घागर, हंडा, दोन तांबे, सासूचं घंगाळ,
चिंचेनं घासून लखलखीत.
"घर भरून हाय की.
हिलाच कसं मिळंना?"

मोरचूद दिलं. पेंडीतून, मोजून, निळी कणी.
ती दचकली. ह्ये तर इख.
म्हटलं, होय.
म्हटलं, मापात असेपर्यंत नाही.
आणि ओढ्याचं बंद. कडबा घाला.
कडब्याचा भाव ती बोटांवर मोजत गेली,
बोटं संपली तशी थांबली.

तेवढ्यात तालमीतली दोन पोरं आली,
कानात माती, हातात ग्लास.
कल्लव्वा उकिडवी बसली, धार वाजली,
फेस काठाबाहेर आला.
तिसरा ग्लास तिनं माझ्यापुढं धरला.

दुधात किती उतरतं त्याचा आकडा
माझ्याकडं नव्हता. अजून नाही.
लहानपणी वडलांचं बोट धरून इथंच प्यायचो,
घरापर्यंत मिशी पुसू द्यायचो नाही.
पोरं बघत होती. कल्लव्वा बघत होती.
काजळी चष्म्यातून बघत होती.
प्यालो.
गोड होतं, नेहमीसारखं.

पावसाळा सरल्यावर पुन्हा गेलो.
मानेवरचे केस फुंकर मारून बाजूला केले:
मुळाशी पेरभर काळे, वर तांबूस,
मधे एक रेघ,
चारा बदलला त्या तारखेची.
कल्लव्वानं रेघेवर बोट ठेवलं
आणि बराच वेळ उचललं नाही.

परतताना ओढ्याकडनं आलो.
गवत पुन्हा कमरेला लागलेलं.
एक पोरगा सायकलीवर भारा आवळत होता.
नाव अर्शद. म्हशी किती? दोन.
एक गाभण हाय, तो अभिमानानं म्हणाला.
भाऱ्यातनं पाणी ठिबकत होतं कॅरेजवर,
कॅरेजवरनं चाकावर.
मी म्हटलं, थांब जरा,
आणि पुढचं वाक्य शोधू लागलो.